सणाच्या घरात मान कोणाचा?

श्रावण सरत आला की नाशिकमध्ये दरवर्षीचे वाद सुरू होतात. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती नदीत सोडायच्या की महापालिकेच्या कृत्रिम तलावात, मंडपाने रस्ता किती अडवायचा, डीजेच्या भिंती किती उंच असाव्यात, मिरवणूक रात्री बाराला खरंच थांबणार का. हे वाद व्हायलाच हवेत. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतो, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जो गंगेवर जाऊन आलाय तो मूर्तिदानाच्या विरोधात फार वेळ बोलू शकत नाही. पण ही सगळी चर्चा उंबऱ्याबाहेरची आहे. सण घरात शिरला की आपण गप्प बसतो. तिथे काय चालतं तो म्हणे ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न.

मला हे पटत नाही. आपल्या घरांत सणाला राबणारे हात एकाचे असतात आणि मान दुसऱ्याचा असतो. हे एखाददुसऱ्या घरात असतं तर घरचा प्रश्न म्हणून सोडून दिलं असतं. पंचवटीतल्या वाड्यात, सिडकोतल्या रो-हाऊसमध्ये आणि गंगापूर रोडच्या टॉवरमध्ये ते अगदी एकाच पद्धतीने घडतं, तेव्हा तो नदीइतकाच सार्वजनिक प्रश्न झालेला असतो. कोणी बसायचं आणि कोणी उठायचं हे आपली मुलं शाळेत शिकत नाहीत, सणाच्या पंगतीत शिकतात.

सणातला मान ही किती गंभीर गोष्ट असते हे निदान नाशिकला तरी नव्याने सांगायला नको. अस्पृश्य मानलेल्या समाजाला काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी त्या मंदिराच्या दारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. स्थानिक धुरा दादासाहेब गायकवाडांच्या खांद्यावर होती. मंदिराचे दरवाजे बंद ठेवले गेले. पुढे रामनवमीचा उत्सव आला आणि रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ओढायचा असं ठरलं. ऐन वेळी तो शब्द पाळला गेला नाही. रथ पुढे पळवला, दगडफेक झाली, माणसं जखमी झाली. सत्याग्रह त्यानंतरही पाचेक वर्षं चालला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं.

रथ ओढायला माणसं कमी पडत होती म्हणून कोणी दोर मागितला नव्हता. गावाची कष्टाची कामं त्या समाजाच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या होतीच. नव्हता तो दोर. चार भिंतींच्या आतलं चित्र याहून फार वेगळं आहे असं कोणी म्हणू नये. जातीच्या अन्यायाशी मी घरातल्या अन्यायाची बरोबरी करत नाहीये, ते दुःख वेगळ्या जातकुळीचं आहे. पण काम उदारपणे द्यायचं आणि मान हातचा राखायचा, ही रीत तीच.

गौरीजेवणाचा दिवस घ्या. ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन, म्हणजे तयारी आदल्या रात्रीपासून. हरभऱ्याची डाळ निवडून भिजवायची, पहाटे शिजवायची, कट काढून आमटीला ठेवायचा, डाळीत गूळ घालून पुरण असं आटवायचं की पातेल्यात उलथनं उभं राहिलं पाहिजे. मग ते गरम असतानाच यंत्रातून काढायचं, कारण गार झालं की हँडल फिरत नाही आणि मनगट भरून येतं. कणीक तेलावर तिंबायची. अनेक घरांत सोळा भाज्यांचा नैवेद्य असतो. त्या एकत्र करतात हे खरं, पण निवडायच्या आणि चिरायच्या सोळाच. वर कोशिंबिरी, चटण्या, वडे, खीर, तळण. नैवेद्य दाखवेपर्यंत चव बघायची नाही, मीठ सगळं हाताच्या अंदाजाने. दुपारचे बारा वाजतात तेव्हा करणारणीच्या पोटात सकाळच्या चहाखेरीज काही नसतं.

मग घरातल्या कर्त्या पुरुषाला हाक जाते, ‘चला, आरतीला’. ते कद नेसून येतात, निरांजनाचं तबक हातात घेतात, बाकीचे टाळ्या वाजवतात. बायका आरतीचं शेवटचं कडवं येईतो पदराला हात पुसत दारात पोचतात, कारण आत तेल तापलेलं असतं. पहिली पंगत पुरुषांची, पाहुण्यांची आणि मुलांची. तव्यावरची पोळी तिथे जाते, तूप तिथे जातं. शेवटच्या पंगतीला फाटलेल्या पोळ्या, गार झालेली आमटी आणि ‘आता वाढणारं कोणी नाही, आपलं आपण घेऊ गं’. तोवर बाहेर सोफ्यावर कोणीतरी पान लावता लावता म्हणालेलं असतं, पोळ्या उत्तम, पण यंदा वेलदोडा जरा कमी वाटला.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८. ‘जे करतात त्यांची’ हे शब्द नीट वाचावेत. न करणारे या सरासरीत धरलेलेच नाहीत. आणि ही साध्या दिवसांची गोष्ट झाली. गौरीच्या दिवशी काटा कुठे जातो ते ज्याने त्याने आपल्या ओट्याशी उभं राहून बघावं.

इथे एक उत्तर ठरलेलं असतं. ‘अहो, बायकांनाच हौस असते.’ असते ना. मलाही आहे. गौरीला साडी नेसवणं, निऱ्या एकसारख्या काढणं, मुखवटा सरळ बसला की नाही ते लांब जाऊन बघणं, यातलं सुख मी कोणाला आयतं देणार नाही. हौसेशी माझं भांडण नाही. पण जी टाळता येते ती हौस. सातपूर-अंबडच्या कारखान्यात, बँकेत, शाळेत नोकरी करणाऱ्या बायका गौरीसाठी रजा टाकतात. ऐनवेळी ‘यंदा मला जमणार नाही’ असं त्यांनी म्हणून बघावं, म्हणजे ती हौस होती की हजेरी, हे घरादाराला लगेच कळेल. नवऱ्याला मात्र ‘ऑफिसात मीटिंग आहे, आरतीपर्यंत येतो’ एवढं पुरतं आणि त्याचं कौतुकही होतं, बघा, वेळात वेळ काढून आला.

दुसरा तोडगा हल्ली बाजाराने दिलाय. पुरणपोळ्या, मोदक, फराळ, सगळं मिळतं. आणावं, त्यात कमीपणा काही नाही. पण त्या डझनभर पोळ्या कोणीतरी रात्री जागून लाटलेल्या असतात, आणि ती लाटणारीही बाईच असते, जिच्या स्वतःच्या घरी दुसऱ्या दिवशी गौरी जेवायच्या असतात. तिला पैसे मिळतात ही चांगली गोष्ट. तुमच्या घरच्या पुरुषाचा हात मात्र त्या व्यवहारात फक्त खिशापर्यंत गेलेला असतो.

आता हळदीकुंकवाकडे येते, कारण माझ्या मते खरी मेख तिथे आहे. आमच्या नात्यात एक काकू आहेत. काका जाऊन बरीच वर्षं झाली. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ त्यांच्या हातची लागते, दुसऱ्या कोणाची आम्हाला चालत नाही. हरभरे भिजवणं, पन्ह्यात वेलची किती, केशर किती, सगळं त्याच बघतात. संध्याकाळी बायका यायला लागल्या की त्या आपसूक आत सरकतात आणि पेले भरत राहतात. त्यांना कोणी हाकलत नाही. कोणीतरी अतिशय गोड आवाजात म्हणतं, ‘काकू, तुम्ही आतलं बघता ना?’ बाहेर अत्तर लावलं जातं, गुलाबपाणी उडतं, ओट्या भरल्या जातात, आणि येणारी प्रत्येक जण डाळीची वाटी संपवून विचारते, कोणी केली हो? मग आतल्या खोलीकडे बोट जातं. एवढाच काय तो त्यांचा त्या दिवसातला मान.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास खात्याने इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. एका ग्रामपंचायतीला जे सुचलं ते आमच्या उच्चशिक्षित कॉलन्यांना सुचायला इतका वेळ का लागावा? सोसायटीच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा निरोप व्हॉट्सॲपवर ‘सर्व सुवासिनींना आग्रहाचं निमंत्रण’ असाच येतो. म्हणजे ज्या बाईचा नवरा गेला, तिला गटात सगळ्यांदेखत कळवायचं की हे तुझ्यासाठी नाही.

काही ठिकाणी आता सगळ्यांना बोलावतात, ते बरं वाटतं. पण मग तिथे एक वेगळाच प्रकार दिसतो. तिळगूळ देतात, वाण देतात, आणि कुंकवाचा करंडा तिच्यापुढे आला की देणारीचा हात अर्धा सेकंद अडखळतो. मग ती स्वतःच हसून म्हणते, ‘राहू दे गं’. ते अर्ध्या सेकंदाचं अडखळणं न बोलावण्यापेक्षा जास्त लागतं. बोलवायचं तर हात न अडखळता लावायचं. आणि ‘त्यांनाच नको असतं’ हे कारण तर मला अजिबात सांगू नका. वर्षानुवर्षं जिला मागे सरक म्हटलं, ती एकदा पुढे ये म्हटल्यावर लगेच येईल कशी? आपण जावयाला श्रीखंडाची वाटी तीनदा पुढे करतो. इथे एकदा विचारून मोकळे होतो.

मग शेवटचं अस्त्र निघतं, कुलाचाराचं. ‘आमच्यात असंच असतं.’ या वाक्यातलं ‘आमच्यात’ मात्र प्रामाणिक आहे. कारण गौरी कोणाच्या खड्यांच्या असतात, कोणाच्या तेरड्याच्या, कोणाच्या मुखवट्याच्या. कोणाकडे तिला पुरणपोळी, तर कोणाकडे तिखटाचा, मटणाचा नैवेद्य. या सगळ्याच घरांना आपली रीत हेच शास्त्र वाटतं. एकाच नक्षत्रावर एकाच देवीला एका घरी जे वर्ज्य ते शेजारच्या घरी आवश्यक असतं, आणि देवी दोन्हीकडे सुखाने जेवून जाते. सणाच्या दिवशी घरात कोणी गेलं तर तो सण बंद पडतो, आणि पुढे त्याच दिवशी घरात मूल जन्मलं किंवा गोठ्यात गाय व्याली की पुन्हा सुरू होतो, ही सोय जुन्या बायकांनीच करून ठेवलेली आहे. ज्यांनी बंद पडलेला सण सुरू करायचा रस्ता शोधला, त्यांना पंगत बदलायचा रस्ता सापडला नसता असं मला वाटत नाही. त्यांना विचारलं कोणी नाही. २०२० च्या टाळेबंदीत रथ रस्त्यावर आले नाहीत, गुढीपाडव्याला कोणी कोणाकडे गेलं नाही, आणि त्यानंतरही सगळे कुलाचार जागेवर आहेत.

खान्देशातून नोकरीधंद्याला आलेली कितीतरी कुटुंबं सिडको-सातपूर भागात राहतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी त्यांच्याकडे कानबाई बसते. मोठ्या आनंदाचा सण. पांगलेले भाऊबंद त्या दिवशी एका छपराखाली येतात, रात्रभर गाणी चालतात. रोटासाठीचं, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठीचं धान्य मात्र बऱ्याच घरांत घरातल्या पुरुषांच्या नावाने मूठ मूठ काढतात. पाळण्यातल्या मुलाच्या नावाची मूठ पडते. जी ते धान्य निवडणार, दळणार, रांधणार आणि वाढणार, तिच्या नावाची पडत नाही. आणि हा सण आहे देवीचा! लेकीसुनांच्या नावाच्या चार मुठी वाढल्या म्हणून कानबाई रागावेल, यावर माझा विश्वास नाही. पीठ वाढेल आणि ते आम्हीच मळू, एवढंच होईल.

यातलं एक मला फार नवलाचं वाटतं. या बाबतीत रस्ता घराच्या पुढे गेलाय. ज्या रस्त्याला आपण नावं ठेवतो त्याच रस्त्यावर, वाकडी बारवेपासून निघणाऱ्या विसर्जन मिरवणुकीत, कमरेला ढोल बांधलेल्या मुली मुलांच्या बरोबरीने भद्रकाली, मेनरोड, रविवार कारंजा असं वाजवत जातात. त्यांना कोणी विचारत नाही आज तुझा कितवा दिवस. घरी आली की तीच मुलगी देवघराच्या दारात थबकते. गौरी-गणपतीच्या आधीच्या आठवड्यात औषधाच्या दुकानात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या हळू आवाजात मागणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या नसतील तर दुकानदाराला विचारा. एप्रिल २०१६ मध्ये त्र्यंबकेश्वरच्या गाभाऱ्यात बायकांनी जायचं की नाही यावर राज्यभर गदारोळ झाला, वाहिन्यांच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. आपल्या स्वयंपाकघराशेजारच्या दोन फुटी देवघराबाबत मात्र कोणी कॅमेरा घेऊन येणार नाही. ते आपलं आपल्यालाच बघावं लागणार.

सण बंद करा म्हणणाऱ्यांतली मी नाही. उलट मला वाटतं, कुलाचार टिकावा असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनीच आधी हे बदलायला हवं. आजची सून सासूशी वाद घालत बसत नाही. ती पुण्याला बदली मागून घेते. तिथे गौरी एका तांब्यावर बसतात, पोळ्या बाहेरून येतात, आणि पुढच्या पिढीत तांब्याही बसत नाही. कुलाचार मोडतो तो असा, गाजावाजा न करता, एका थकलेल्या बाईने ‘आता पुरे’ ठरवल्यावर. त्याच घरातल्या मुलाला आईने पुरण आटवायला शिकवलं असतं तर निदान दोघांच्या हातात ते राहिलं असतं. मुलाला जमत नाही म्हणू नका. लग्नाच्या पंगतींना पुरणपोळ्या, मांडे, जिलब्या करणारे आचारी बहुतेक पुरुषच असतात.

आणि मान कसा मिळवावा याचा धडा आपल्याच गावात दरवर्षी रस्त्यावरून जातो. चैत्रात कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघतात तेव्हा मानकरी बुवा रथाकडे तोंड करून, उलट्या पावलांनी, सगळा मार्ग चालतात. भर चैत्रातला उकाडा, गर्दी, खालची खडी, आणि पाठीमागे काय आहे ते दिसत नाही. तो मान बघायला गाव लोटतं, कारण तो अंगावर घेतलेला असतो. घरातल्या मानकऱ्यांनी एवढं काही करावं अशी माझी अपेक्षा नाही. पण ज्याच्या हातात आरतीचं तबक येणार त्याने सकाळी सहाला डाळ शिजायला टाकलेली असावी, किंवा मग जिने टाकली तिच्या हातात तबक द्यावं. काकूंनी डाळ केली असेल तर पहिली ओटी काकूंची. सोळा भाज्या करायला चार जण नसतील तर पाच भाज्या कराव्यात, आणि पंगत एकदाच, सगळ्यांची, वाढप मधोमध ठेवून. पोळ्या थोड्या गार खाव्या लागतील. आम्ही आजवर खाल्ल्याच आहेत, काही होत नाही.

घाई करण्याचं एक अगदी व्यवहारातलं कारणही आहे. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत, आणि गौरी-गणपती नेमके त्याच दिवसांत येतात. घाट, रस्ते, पाणी, गर्दी यांची आखणी सरकार करतंय. पण सिंहस्थात नाशिकच्या घराला किती पाहुणे येतात हे नाशिककरालाच माहीत. वर्षानुवर्षं तोंड न पाहिलेला मामेसासरा चौघांना घेऊन पहाटे चार वाजता दारात उभा राहतो, ‘म्हटलं स्नानाला आलोय तर घरचा चहा घ्यावा’. त्यांच्या अंथरुणांची, आंघोळीच्या पाण्याची, उपासाच्या फराळाची आणि मधल्यामध्ये येणाऱ्या गौरीजेवणाची आखणी प्रत्येक घरात आत्ताच बसून व्हायला हवी. त्या बैठकीत पहिला प्रश्न पहाटे चारला उठून चहा कोण टाकणार हा घ्यावा, आणि त्याचं उत्तर घरातल्या पुरुषांनी द्यावं.